दोन पानांत आजी: एका जीवनवृत्तान्ताचं प्रकरण

"सलाम बाई, आजीचा जीवनवृत्तान्त लिहायचाय. दोन पानं पुरेत. मी लिहिलंय, तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा." जून २०२५ मध्ये पुण्याहून आलेला हा फोन. शुद्धलेखन बघायला घेतलं आणि काम नऊ आठवडे चाललं. मंडळीतल्या (म्हणजे चर्चच्या सभासद) कुटुंबांसाठी असं लिखाण करणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून ते सगळं इथे मांडते आहे. गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. काही खुणा बदलल्या आहेत. कुटुंबाने हे वाचून होकार दिला आहे.

पार्श्वभूमी

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यातलं गाव. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ मध्ये नगरला. पुढच्या काळात या भागातल्या कितीतरी गावांत एकखोली शाळा निघाल्या. आठवडाभर तिथे पाढे, रविवारी त्याच खोलीत उपासना. आजींचं माहेर अशाच एका गावातलं. ते गाव नंतर जायकवाडीच्या पाण्याखाली गेलं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

आजी १९५४ साली लग्न होऊन या गावात आल्या. नवरा दुसऱ्यांच्या शेतावर राबायचा आणि देवळाची घंटा वाजवायचा. (आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात.) दोन मुलगे, दोन मुली. थोरले दादा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, थोरल्या आक्का परिचारिका होत्या, धाकटे चिंचवडला, आणि धाकट्या ताई छत्रपती संभाजीनगरला. फोन करणारी नात धाकट्यांची मुलगी.

आजी शाळेत जेमतेम दुसरीपर्यंत गेल्या होत्या आणि ते विसरल्याही होत्या. वाचायला शिकल्या लग्नानंतर, गावात येणाऱ्या बायबल-बाईंकडून (घरोघर जाऊन बायकांना बायबल शिकवणाऱ्या बाई), बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या सुट्या पुस्तिकेवर. त्यामुळे त्यांना छापील अक्षर वाचता यायचं, हाताचं नाही. पवित्र शास्त्र (बायबल) घडाघडा वाचायच्या, पण किराणावाल्याची चिठ्ठी दुसऱ्याकडून वाचून घ्यायच्या.

ऑगस्ट २०२४ मध्ये त्या प्रभुवासी झाल्या. तीन दिवस पाऊस होता, कबरीत पाणी येत होतं, अंत्यविधी घाईत उरकला. पाळक (चर्चचे धर्मगुरू) नवीन, ते पाच मिनिटं बोलले. "आजीबद्दल कुणी काही बोललंच नाही" ही चुटपुट घरात राहिली. म्हणून ठरलं, की पहिल्या स्मृतिदिनाला देवळात स्मरण-उपासना घ्यायची, जीवनवृत्तान्त वाचायचा, त्याच्या दीडशे प्रती छापायच्या आणि त्याच दिवशी कबरीवर संगमरवराची पाटी बसवायची.

अडचण

नातीचा मसुदा स्वच्छ टाइप केलेला होता. "आजी अत्यंत प्रेमळ, कष्टाळू व प्रार्थनाशील होत्या. त्यांनी कधीही उपासना चुकवली नाही." माझ्याकडे मी लिहून दिलेल्या किंवा तपासलेल्या सतरा वृत्तान्तांची फाइल आहे. त्यातल्या पंधरांत 'प्रार्थनाशील' हा शब्द आहे. त्यातले निम्मे शब्द माझ्याच हातचे, तेव्हा तिला काय बोलणार? पण वरचं नाव झाकलं तर ही कुणाची आजी, हे कळायला मार्ग नव्हता.

मी आधी दादांना फोन केला, मग आक्कांना. दोघांशी बोलल्यावर तीन गाठी दिसल्या.

पहिली जन्मतारखेची. आधार कार्डावर १ जून १९४१. आमच्या पिढीत १ जूनला जन्मलेल्यांचं एक आख्खं राज्य आहे. शाळेत नाव घालताना मास्तर ती तारीख टाकून मोकळे व्हायचे. थोरल्या मुलाचा जन्म १९५५ चा. म्हणजे आधार खरं मानलं तर आजी चौदाव्या वर्षी आई झाल्या. मसुद्यात हे दोन्ही आकडे एकाखाली एक होते आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दुसरी गाठ १९७२ ची. त्या दुष्काळात आजींनी पाझर तलावाच्या कामावर आणि रस्त्यावर खडी फोडली. कामावर सुकडी (पौष्टिक कोरडं पीठ) मिळायची, घरी मिलो या आयात ज्वारीच्या भाकरी. दादांना हे छापायचं नव्हतं. "आता नातवंडं इंजिनिअर झालीत, जावई माणसं येणार. खडी कशाला?"

तिसऱ्या गाठीबद्दल कुणी बोलेना. मसुद्यातलं "कधीही उपासना चुकवली नाही" हे वाक्य मी दादांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "बरोबरच आहे. उपासना नाही चुकवली." त्या 'उपासना' शब्दावर जरा जास्तच जोर होता. आक्कांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ते ताईला विचारा. नाहीतर नकाच विचारू."

ताईंनी १९८४ साली नोंदणी पद्धतीने लग्न केलं. नवरा शिक्षक, बौद्ध. १९५६ नंतर आमच्या भागात एकाच वस्तीतली काही घरं बौद्ध झाली, काही त्याआधीपासून ख्रिस्ती होती. या दोन घरांचे पणजोबा शेजारी राहत होते. तरीही मंडळीच्या पंचांनी ठराव केला, की बाप्तिस्मा न झालेल्या घरात मुलगी दिली म्हणून आईबापांना प्रभुभोजन (उपासनेतला भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) बंद. आजोबांनी माफी मागितली, मुलीला घर बंद केलं आणि दोन महिन्यांत ते पुन्हा प्रभुभोजनाला बसले. आजींनी माफी मागितली नाही. सहा वर्षं त्या दर रविवारी उपासनेला आल्या, गीतं म्हटली, उपदेश ऐकला, आणि महिन्यातून एकदा प्रभुभोजनाच्या वेळी उठून बाहेर गेल्या. शनिवारी प्रभुभोजनाचे छोटे काचेचे पेले राखेने घासून लाकडी ताटात पालथे लावायचं काम त्यांचंच होतं. ते त्यांनी त्या सहा वर्षांतही सोडलं नाही, आणि कुणी "नको" म्हणालंही नाही.

पर्याय

जन्मतारखेचा प्रश्न सोपा वाटत होता. आधारवरची तारीख घ्यायची किंवा तारीखच गाळायची. पुस्तिकेत गाळता आली असती, पण पाटीवर? कागदावरची चूक पेनाने सुधारता येते. संगमरवरावर कोरलेला आकडा सुधारायचा म्हणजे नवी पाटी. शिवाय ईस्टरच्या आधी आख्खी मंडळी कबरींना चुना द्यायला जमते, तेव्हा प्रत्येक पाटी वाचली जाते आणि तिच्यावर चर्चाही होते.

सहा वर्षांचं काय करायचं यावर मात्र तीन मतं पडली. दादांचं म्हणणं, ते गाळावं. ठराव करणाऱ्या पंचांपैकी कुणी हयात नाही, मुलं-सुना पुढच्या बाकांवर बसतात, देवळात उभं राहून मेलेल्यांचे हिशेब काढायचे का? हा मुद्दा मला हलका वाटला नाही. नातीला हे सगळं याच महिन्यात कळलं होतं आणि ती पेटली होती. ठरावाच्या तारखेसकट सगळं छापू, म्हणाली. चिंचवडचे धाकटे मधला रस्ता काढत होते: "काही कौटुंबिक अडचणींतही त्यांनी विश्वास सोडला नाही" असं एक वाक्य टाकू. मला हा तिसरा पर्याय सगळ्यांत वाईट वाटला. 'कौटुंबिक अडचणी' म्हणजे दोष ताईंच्या माथी. पन्नाशीच्या वरच्या प्रत्येकाला ते तसंच ऐकू गेलं असतं.

तोवर ताईंना कुणीही विचारलं नव्हतं. मीसुद्धा. चार आठवडे मी त्यांच्या आयुष्यातल्या घटनेवर बाकीच्यांशी बोलत होते. या प्रकरणातली माझी सगळ्यांत मोठी चूक हीच.

काय केलं

जन्माच्या नोंदीसाठी बाप्तिस्म्याचं रजिस्टर शोधायचं ठरलं. १९३०-४० च्या काळातल्या माणसांची जन्मनोंद सरकार-दरबारी मिळेलच असं नाही, पण बाल-बाप्तिस्मा झाला असेल तर मंडळीच्या वहीत सापडतो. माहेरचं गाव पाण्यात गेलेलं, तेव्हा वही कुठे? आक्कांना आठवलं, की धरणाच्या वेळी तिथल्या मंडळीचं सामान तालुक्यातल्या मोठ्या देवळात नेलं होतं, घंटासुद्धा. तिथल्या पाळकांनी कपाट उघडून दिलं. तिथे दोन दिवस बसले. वहीच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. २६ डिसेंबर १९३७, नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार. मुलीचं नाव, बापाचं नाव, आणि "वय चार महिने". आजींच्या थोरल्या बहिणीचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं: "तू पोळ्याची गं." दोन्ही जुळलं. पाटीवर तारीख न घालता फक्त "जन्म १९३७" कोरायचं ठरलं.

नातीला त्या पानाचा फोटो पुस्तिकेत हवा होता. इथे मी थांबवलं, आणि हे मी सगळ्यांनाच सांगते: रजिस्टरचं पान घरातल्या प्रत्येकाला विचारल्याशिवाय छापू नका. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा सुरुवातीला हिंदूंना आणि मोजक्या शीख जातींना होता, १९५६ मध्ये बाकीच्या शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती लोकांना तो आजही नाही. त्यामुळे आमच्या समाजात कागदावरचा धर्म, रविवारचा धर्म आणि सोयरिकीतला धर्म यांचा गुंता घरोघरी वेगळा आहे. नातेवाइकांपैकी कुणाच्या दाखल्यावर काय लिहिलंय, हे आपल्याला ठाऊक नसतं. या कुटुंबात विचारल्यावर दोघांनी "फोटो नको" म्हटलं. कारण मी विचारलं नाही.

खडीचा प्रश्न आजींच्याच वस्तूने सोडवला. त्यांच्या पेटीत खडी फोडायची लहान हातोडी निघाली, दांडा नवा बसवलेला. आक्कांना माहीत होतं: पुढे कित्येक वर्षं आजी तिने खोबरं आणि गूळ फोडायच्या, नाताळच्या करंज्यांसाठी. दादांनी ती हातात घेतली, वजन पाहिलं आणि म्हणाले, "लिहा." माझ्या सगळ्या युक्तिवादांनी जे झालं नव्हतं, ते त्या हातोडीने झालं.

मग मी ताईंकडे गेले, पुस्तिका छापखान्यात जायच्या बारा दिवस आधी. त्यांनी चहा ठेवला, माझं बोलणं ऐकून घेतलं आणि आतून एक पिशवी आणली. त्यात आजींचं जुनं पवित्र शास्त्र होतं. आजींनी जाण्याच्या वर्षभर आधीच ते त्यांना दिलं होतं. शास्त्राला कापडाची खोळ शिवलेली. खोळीच्या आत अकरा आंतरदेशीय पत्रं, १९८४ ते १९९० मधली. ताईंनी आईला लिहिलेली. एकेक अक्षर सुटं, शिरोरेषा पट्टी लावून ओढलेली, काना-वेलांट्या सरळसोट. हाताने काढलेलं छापील अक्षर. आईला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागू नये म्हणून.

"एका पत्राला दोन संध्याकाळी लागायच्या," त्या म्हणाल्या. "धाकटीला मांडीवर घेऊन पट्टी धरायची."

लिहिणारी म्हणून माझ्या डोळ्यांपुढे ते पान लगेच उभं राहिलं. मी विचारलं, एक पत्र छापू या का? त्या नाही म्हणाल्या. "ती आईला लिहिली होती, मंडळीला नाही." मी पुन्हा विचारलं नाही. या लेखात पत्रांचा उल्लेख त्यांच्या परवानगीने आहे. मजकूर मीही वाचलेला नाही.

सहा वर्षांबद्दल ताईंचं मत स्पष्ट होतं. ठराव छापू नका, पंचांची नावं नकोत, पण गाळूही नका. "ती उठून बाहेर जायची, एवढं लिहा. का ते लिहू नका. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे." आणि एक अट घातली: ते वाक्य दादांनी वाचायचं, नातीने नाही. १९८४ च्या त्या बैठकीत दादा एकोणतीस वर्षांचे होते. पंचांत नव्हते, पण खोलीत होते आणि काही बोलले नव्हते.

मी निरोप पोचवला. दादा बराच वेळ गप्प राहिले आणि "बरं" म्हणाले.

शेवटचा मजकूर असा ठरला: "१९८४ ते १९९० या काळात त्या दर रविवारी उपासनेस येत. प्रभुभोजनाच्या वेळी मात्र उठून बाहेर लिंबाखाली उभ्या राहत. १९९० साली नव्या पाळकांनी त्यांच्यापुढे पेला धरला, तेव्हापासून त्या पुन्हा प्रभुभोजनात सहभागी होऊ लागल्या."

बाकीचं भराभर झालं. आता घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याच्या बायकोने उपकारस्तुतीच्या सणातला लिलाव आठवून दिला. पीक आल्यावर प्रत्येक जण देवळात काहीतरी आणतो आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. आजी दरवर्षी दारचा भोपळा आणायच्या. कुणी त्यावर दहा रुपये बोली लावली की त्यांना तो भोपळ्याचा अपमान वाटायचा. मग त्याच बोली चढवत न्यायच्या आणि स्वतःचाच भोपळा स्वतःच्या पैशाने सोडवून घरी आणायच्या. आजोबा डोक्याला हात लावायचे. हे वाचताना देवळात सगळे हसणार, हे मला आधीच दिसत होतं, म्हणून तो परिच्छेद सहा वर्षांच्या लगेच पुढे ठेवला. हा निर्णय पूर्णपणे माझा. त्याबद्दल आजही मन साशंक आहे. गंभीर वाक्य नीट पोचायच्या आत मी लोकांना सुटका दिली की काय, असं वाटतं. 'प्रार्थनाशील' काढून टाकला. कुणाला चुकल्याचं जाणवलं नाही.

काय झालं

उपासनेला देऊळ भरलं होतं. सुरुवातीला नारायण वामन टिळकांचं एक भजन झालं, आजींच्या आवडीचं, पेटी-तबल्यावर. ताई, त्यांचे यजमान आणि दोन्ही मुलं दुसऱ्या बाकावर बसली. १९८४ नंतर ताईंचे यजमान या देवळात पहिल्यांदाच आत आले होते. दादांनी वाचायला घेतलं. खडी आली, सुकडी आली, मागच्या बाकांवरच्या दोन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. सहा वर्षांच्या वाक्यापाशी दादा थांबले. पाणी प्यायले. मग वाक्य कागदावर होतं तसंच वाचलं, शेवटी स्वतःचे तीन शब्द जोडले: "आम्ही बघत होतो." ते मसुद्यात नव्हते. मग भोपळा आला आणि लोक हसले.

सगळं गोड झालं असं नाही. एका जुन्या पंचाच्या घरची मंडळी जेवायला थांबली नाहीत आणि नंतर दादांशी बोलणं कमी झालं. कुटुंबाला ते लागलं. नातीला अजूनही वाटतं, की कारण न लिहिण्यात आपण घाबरलो. तिच्या वयाच्या कुणाला त्या वाक्याचा अर्थ लागला नाही, हे तिचं म्हणणं खरं आहे. तिच्या चुलत भावाने जेवताना विचारलं, "आजीला प्रभुभोजनाच्या वेळी बाहेर का जावं लागायचं, तब्येत बरी नव्हती का?"

आणि एक चूक छापली गेली. जेवणाच्या पंगतीत ऐंशीच्या एक बाई पुस्तिका हातात घेऊन माझ्यापाशी आल्या. "बाई, हा लिंब कुठून आणला?" मी म्हटलं, देवळापुढचा. "तो तर पंच्याण्णव साली लावलाय. माझ्या धन्याने खड्डा खणला. आणि ती उभी कुठं राहायची? हापशावर जायची. पाळकांच्या घरचं पाणी भरून ठेवायची. तोवर आत उरकायचं."

बाहेर जाऊन त्या काय करायच्या, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. 'लिंबाखाली' हा शब्द मी घातला होता, कारण वाक्य तिथे उघडंबोडकं वाटत होतं आणि देवळापुढे लिंब होता. चारही भावंडांनी मसुदा वाचला. त्या सहा वर्षांत ताई गावात नव्हत्या, आक्का नोकरीच्या गावी, धाकटे शिकायला बाहेर, दादा आत बाकावर. हापसा दिसेल अशा जागी त्यांच्यापैकी कुणीच नव्हतं.

पुन्हा करायचं तर

पहिला फोन ताईंना करीन. ज्याच्यावरून प्रसंग घडला ते माणूस सोडून बाकी घराशी बोलत राहिलं, की चर्चा "काय लपवायचं" याचीच होते.

घरच्यांच्या बाहेरच्या निदान तीन माणसांना मसुदा वाचून दाखवीन, आणि त्यांत त्याच बाकांवर बसलेल्या दोन तरी बायका असतील. भोपळा आणि हापसा, म्हणजे पुस्तिकेतल्या सगळ्यांत जिवंत दोन गोष्टी, घराबाहेरच्या बायकांकडून आल्या. एक वेळेवर आली, एक उशिरा.

कारण लिहावं की नाही, याचं उत्तर अजून माझ्यापाशी नाही. ताईंचा शब्द मी पाळला आणि तो पाळायलाच हवा होता. पण नातीने विचारलं तसं, वीस वर्षांनी ते वाक्य कळणारं कोण असेल? आम्ही एवढं केलं, की नातीने ताईंचं बोलणं दोन दिवस बसून फोनवर ध्वनिमुद्रित केलं. ते कुठे वापरायचं, हे ताई ठरवतील.

आणि आजी हयात असताना हे कुणी विचारलं असतं तर? विचारलं होतं म्हणे, नातीनेच, दहावीत असताना शाळेच्या प्रकल्पासाठी. आजींनी तिला गीतांचे नंबर सांगितले होते.

छापलेल्यांपैकी बासष्ट प्रती उरल्या होत्या. मी आणि नातीने एका संध्याकाळी बसून प्रत्येकीतला "लिंबाखाली उभ्या राहत" हा मजकूर खोडला आणि वर पेनाने "हापशावर पाणी भरायला जात" लिहिलं. वाटून झालेल्या प्रतींत लिंब तसाच आहे. ताईंना दुरुस्त प्रत पाठवते म्हटलं, तर त्यांनी फोनवर फोटो पाठवला. त्यांच्या प्रतीत त्यांनी स्वतःच दुरुस्ती केली होती, छापील अक्षरात, पट्टी लावून.